सायवनला जेवायचं तर महिना आणि वार बघून

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी नाक्याला सोडून कासा गाठलं, की तिथून एक रस्ता जव्हारकडे जातो आणि एक सायवन, उधवा करत तलासरीकडे. या दुसऱ्या रस्त्याने भटकायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : इथलं अस्सल जेवण स्वस्तात कुठं मिळेल? त्यांना एखाद्या हॉटेलचं नाव हवं असतं. पण रस्त्याकडेच्या हॉटेलांत वडा-उसळ, भजी, पनीर आणि चायनीज मिळतं, तेच मुरबाडला मिळतं आणि तेच मंचरला. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया घरांत जे शिजतं, ते फलक लावून विकायची इथे फारशी रीत नाही. ते खाता येतं, परवडेल अशा पैशांत खाता येतं. मात्र तुम्ही कोणत्या महिन्यात आलात, कोणत्या वारी आलात आणि कुणाला काय विचारलंत, यावर सगळं ठरतं.

थायलंडची सहल करून आलेल्यांना ही गोष्ट लवकर कळते. बँकॉकच्या गल्ल्यांत ‘खाव केंग’ची दुकानं असतात. भात आणि पाच-सहा तयार कालवणं परातीत मांडलेली, बोट दाखवायचं आणि बसायचं. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं तिथे दुपारी जेवून जातात आणि उन्हं कलायच्या आत पराती रिकाम्या होतात. त्याच शहरात जे फाय या बाईंच्या साध्या दुकानाला २०१७ साली मिशेलिनचा तारा मिळाला. त्यांचं खेकड्याचं ऑम्लेट जगभर गाजलं आणि त्याची किंमत गल्लीतल्या जेवणाच्या कितीतरी पट आहे. दोन्ही ठिकाणचं जेवण अस्सलच. पण स्वस्त हवं असेल तर कचेरीतल्या माणसामागे जायचं, कॅमेऱ्यामागे नाही. डहाणू-तलासरीतही हाच हिशोब लागू पडतो. फक्त इथे कचेरीच्या जागी आठवडा बाजार आहे.

आधी जागेचा अंदाज घ्या. जेवणाच्या दृष्टीने या दोन तालुक्यांचे उभे तीन पट्टे पडतात. समुद्रकाठी डहाणू, घोलवड, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातलं झाई : मांगेला आणि माच्छी वस्त्या, मासळी, चिकूच्या वाड्या आणि वाड्यांमधली इराणी-पारशी घरं. मधे रेल्वे आणि महामार्ग : गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी फाफडा-खमण आणि रात्री ट्रकवाल्यांचे ढाबे. पूर्वेला डोंगर चढू लागला की कासा, सायवन, उधवा. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या पट्ट्याबद्दल आहे, कारण पहिल्या दोहोंत जेवण शोधावं लागत नाही, समोर येतं. पोचायलाही अवघड नाही. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. स्टेशनच्या पूर्वेकडून कासा-सायवनकडे एसटी आणि वडाप जीप असतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र उतरतानाच विचारून ठेवा. दुपारी चारनंतर या रस्त्यावर जीप ‘भरली की सुटणार’ अशा असतात आणि भरायला कुणी येईलच असं नाही.

वार

सायवन-कासा-उधवा भागात पाड्यापाड्यांवरची माणसं आठवड्यातून एकदा बाजाराला उतरतात. मीठ-मिरची, तेल, सुकी मासळी, कपडा, तंबाखू घ्यायचा आणि घरचं जे काही असेल ते विकायचं. एसटीच्या कंडक्टरला किंवा जीपवाल्याला ‘दादा, बाजार कोणत्या वारी?’ एवढं विचारलं तरी पुरे. त्या वारी याल तर गाव वेगळंच दिसेल. एरवी बंद असलेली दोन-तीन छपरं त्या दिवशी खानावळी होतात. शाळेच्या कुंपणाला कढई लागते. पहाटे पाड्यावरून निघालेल्या बायका दहाच्या सुमाराला येऊन फडक्यावर वाटे मांडतात. भाजी इथे किलोवर कमी आणि वाट्यावर जास्त विकली जाते. मूठभर कुर्डू, चार करटोली, आठ-दहा लिंबं असे छोटे ढीग, प्रत्येकाची किंमत ठरलेली. अकरा ते दोन ही खरी वेळ. तीननंतर परतायची घाई सुरू होते आणि राहिलेल्या मालाला मुंबईकर आला म्हणून कुणी थांबत नाही.

खायचं कुठं, हे ठरवायला विकायला आलेल्या माणसांवर लक्ष ठेवा. खरेदीदार कुठेही खातो, पण डोक्यावर ओझं घेऊन दोन तास चालत आलेली बाई पन्नास रुपये खर्च करताना विचार करते. ती जिथे बसते तिथे ताट भरलेलं असतं आणि भाव वाजवी असतो. बाजारच्या भजी-जिलेबीला कमी लेखू नका. ते काही ‘आदिवासी पदार्थ’ नाहीत, पण बाजाराच्या दिवशी लेकरांसाठी पुडी बांधून नेणं हा इथल्या आठवड्याचाच भाग आहे. तेल काळं पडलंय का तेवढं बघा आणि शक्यतो सकाळच्या पहिल्या घाण्याची भजी घ्या. बर्फाचा गोळा आणि उघडं सरबत पावसाळ्यात टाळलेलं बरं. पाणी आपलं आपण न्या.

खानावळ ओळखायची खूण एकच सांगायची तर मेनूकार्ड नसणं. जिथे मालकीणबाई वीस नावं पाठ म्हणून दाखवते तिथे फ्रिज बोलत असतो. जिथे ती म्हणते ‘आज बोंबील आहे आणि उडीद आहे’, तिथे चूल बोलते. म्हणून ‘काय काय मिळेल?’ असं विचारू नका. शहरी माणसाला शहरीच हवं असणार असं गृहीत धरून तुम्हाला पनीर, अंडाकरी, व्हेज पुलाव ऐकवलं जाईल. ‘मावशी, आज काय केलंय?’ असं विचारा. त्याहून चांगला प्रश्न म्हणजे ‘तुम्ही काय जेवणार?’ अनेकदा गिऱ्हाइकासाठी वरण-भात आणि बटाट्याची भाजी असते, आणि मागच्या चुलीवर घरच्यांसाठी उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलाचा ठेचा. ते आम्हाला द्याल का, असं नीट विचारलं तर नाही म्हणणारं माणूस विरळा. थोडं हसतील, ‘तुम्हाला तिखट लागंल’ म्हणतील. लागेलच.

ताटात काय यायला हवं ते माहीत असलं की मागता येतं. पावसाच्या पाण्यावर भात होतो तो खाचरात. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि उडीद. नाचणीला इथे नागलीच म्हणायचं. भाकरी तांदळाची किंवा नागलीची. तांदळाची असेल तर पीठ उकळत्या पाण्यात ढवळून उकड काढतात, ती गरम असतानाच परातीत तळहाताच्या टाचेने मळतात आणि दोन्ही हातांवर थापत गोल करतात. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला ओला हात फिरवायचा आणि पाणी सुकत आलं की उलटायची. चांगली भाकरी फुगून तिचा पापुद्रा सुटतो. नागलीची थोडी जाड, गडद, आणि थंड झाली की कडक. ती चुलीवरून उतरल्या उतरल्याच खायची. सोबत उडीद. शहरात आपण पांढरी डाळ ओळखतो, इथे साल असलेला काळा उडीद भाजून भरडतात आणि लसूण-मिरची घालून दाटसर शिजवतात. पहिल्या घासाला चव साधी वाटते. भाकरी मोडून त्यात बुडवा, मग कळेल की रोज हे का खावंसं वाटतं.

आणि सुकं. डहाणू, चिंचणी, झाईच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, जवळा आणि करंदी उन्हात पसरतात. तिथून ही सुकी मासळी टोपल्यांतून डोंगरातल्या बाजारांत येते. समुद्र न पाहिलेल्या पाड्यावरच्या कालवणालाही समुद्राचा वास असतो, तो यामुळे. निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटलेला बोंबील, कांद्यावर परतलेली सुकट, भाजीत घातलेला मूठभर जवळा : ताजी मासळी महाग असणाऱ्या घरात चवीचा सगळा भार हे उचलतात. थाई स्वयंपाकात आंबवलेली मासळी आणि कोळंबीचा गोळा जे काम करतात तेच. ज्यांच्या पोटाला ही चव झेपत नाही किंवा जे शाकाहारी आहेत त्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. ‘भाजी’ म्हटलं म्हणजे ती बिनमासळीची असेलच असं नाही. शेवळं, बांबूचे कोंब, टाकळा, सगळ्यांत सुकट पडते. बसतानाच ‘सुकट-जवळा नको, साधी करा’ असं स्पष्ट सांगा. ताट आल्यावर सांगून काही होत नाही.

महिना

जून हा सगळ्यात चांगला महिना, आणि सगळ्यात कमी लोक येतात तो. पहिल्या सरी झाल्या की झाडोऱ्यातून शेवळं वर येतात. जांभळट-तपकिरी, लांबट कोंब, जुड्या बांधून बाजारात. मुंबईच्या बाजारात त्यांचा भाव ऐकून माणसं पुढे सरकतात. इथे ती जिथे उगवतात तिथे घ्याल तर परवडतात. पण शेवळं स्वतः करायच्या भानगडीत नव्या माणसाने पडू नये. नीट साफ केली नाहीत आणि आंबट घातलं नाही तर घसा आणि जीभ खाजते. म्हणून शेवळांच्या जुडीशेजारीच काकड नावाची हिरवी आंबट फळं विकायला असतात. शेवळं विकणारी बाई काकड न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारून परत बोलावते. खानावळीत शेवळांची भाजी मिळाली तर ‘काकड घातलंय ना?’ असं विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्याला इथे जाणता समजतात आणि वाढतानाही हात सैल सुटतो. तरीही खाजलंच तर पाणी पीत बसू नका, चिंच किंवा कोकम चोखा.

जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाज्यांचा पूर. टाकळा, कुर्डू, भारंगी, कोवळे बांबूचे कोंब (त्यांना इथे वास्ता म्हणतात), आणि करटोली. कोळी नावाची रानभाजी मात्र वारली घरात पहिल्यांदा देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. पावसाच्या सुरुवातीला एखाद्या पाड्यावर ‘अजून आमची भाजी झाली नाही’ असं ऐकलंत तर आग्रह धरू नका, दुसरं काही खा. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ तारखेच्या आगेमागे कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव तालुक्या-तालुक्याला होतात. तिथे बचत गटांच्या बायका भाज्या शिजवूनही आणतात. एकाच दुपारी दहा चवी घ्यायच्या असतील तर याहून स्वस्त जागा नाही. कोणती भाजी कशी साफ करायची हे त्याच बायका समोर उभ्या राहून सांगतात, तेही ऐकून घ्या. याच दिवसांत शेताच्या बांधावरचे मुठे, म्हणजे छोटे खेकडे, वाटून त्यांचं पातळ कालवण करतात. सोम तम या थाई कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा एक प्रकार अशाच भातखाचरातल्या खेकड्याचा असतो. तिथे तो खारवून कच्चाच कुटतात, इथे शिजवतात, आणि पोटाच्या बाजूने पाहिलं तर मी इथल्यांच्या बाजूचा आहे.

अळंबी आणि रानकंद यांच्याबाबत मात्र कडक राहा. ओळखीच्या हाताने शिजवलेलं खा, पण स्वतः रानातून उपटून आणून करून बघू नका. कडू कंद उकडून, राखेत घोळवून, वाहत्या पाण्यात ठेवून, अशा बऱ्याच सोपस्कारांनंतर खाण्याजोगा होतो. ते सोपस्कार पुस्तकात वाचून जमत नाहीत.

भाताची कापणी आली की ताट बदलतं. चवळीच्या शेंगा, जून काकडी. काकडी किसून तांदळाच्या पिठात गूळ घालून पानांत वाफवलेला गोड प्रकार दिवाळीच्या सुमाराला घरोघर होतो. विकत मिळणं कठीण. कुणी हातावर ठेवला तर नाही म्हणू नका.

थंडीतला राजा महामार्गावर सापडतो. तलासरीपासून आच्छाडमार्गे पुढे वलसाडकडे जाताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी रस्त्याकडेला धूर दिसतो आणि पालथी घातलेली मडकी दिसतात. हे उंबाडियू. मूळ दक्षिण गुजरातचं, वलसाडजवळचं डुंगरी त्यासाठी प्रसिद्ध, पण राज्याची हद्द चवीला माहीत नसते. मडक्याच्या तळाशी रानातला वासाचा पाला दाबून घालतात. त्यावर वालपापडी, रताळी, बटाटे आणि जांभळं कोनफळ, सगळ्याला ओली हळद, लसूण, मिरची, कोथिंबिरीचं हिरवं वाटण. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी परत पाला कोंबून मडकं जमिनीवर उलटं ठेवतात आणि भोवती सुका पाला, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवतात. तासाभराने विकणारा मडकं काठीने वाजवून बघतो, राख झटकतो आणि टोपलीत उलटं करतो. आधी पाला पडतो, मग वाफेत गुंडाळलेली पापडी. तराजूवर तोलून, वर हिरवी चटणी, सोबत ताक. उंबाडियू किलोवर विकतात. दोघांना अर्धा किलो पुरतो, हे आधी सांगितलं नाही तर किलोभर बांधून हातात देतील. मडकं तुमच्यासमोर उघडतात की सकाळी उघडलेलं टोपलीत झाकून ठेवलंय, एवढंच बघून गाडी थांबवा. आपल्याकडच्या पालघर-वसईच्या उकडहंडीचं हे सख्खं भावंड. तिला चूल चालते, याला आगच लागते.

ताडीचा मोसमही थंडीत सुरू होतो. सूर्य वर यायच्या आत झाडावरून उतरलेली गोड असते, दुपारपर्यंत आंबते आणि चढते. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रानात पडतात, वाळवतात, भाजून-उकडूनही खातात. त्यांची गोडी चाखायची असेल तर ती अशी चाखा. कुणाच्या घरामागे बाटलीत काय आहे याची चौकशी करू नका. बेकायदा तर ते आहेच, शिवाय त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही.

उन्हाळा या बाजूला खाण्याचा सुगी-महिना नाही, पण एका गोष्टीसाठी यावं. चैत्र पौर्णिमेला महामार्गालगत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस हेच, त्यामुळे सुकी मासळी आणि मिरची एकाच जागी निवडून घेता येते. जत्रेतलं जेवण म्हणाल तर सगळ्या जत्रांसारखंच. ताडगोळे मात्र चुकवू नका.

सांगून ठेवणे

वर सांगितलेलं सगळं नशिबावर सोडायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवण्याला पर्याय नाही. सायवन, कासा, उधवा या बाजूच्या अनेक गावांत बचत गट आहेत आणि त्यांतल्या काही बायका सांगितलं तर जेवण करून देतात. त्यांच्यापर्यंत पोचायला ग्रामपंचायत, शाळेतले गुरुजी किंवा आशाताई यांच्याइतकी चांगली वाट नाही. फोनवर तीन गोष्टी सांगा : किती माणसं, किती वाजता, आणि ‘तुमच्या घरी होतं तेच हवं’. तिसरी गोष्ट दोनदा सांगा. नाहीतर पाहुणे शहरातून येतायत म्हणून मावशी डहाणूला माणूस पाठवून पनीर मागवतील आणि त्याचा खर्च तुमच्याच ताटात येईल.

गावठी कोंबडा हवा असेल तर पैशांचं आधी मोकळेपणाने बोला. ब्रॉयलरच्या दुप्पट तरी भाव असतो आणि तो योग्यच आहे. सहा महिने अंगणात दाणे टिपत वाढलेला पक्षी आहे तो. भाव कोंबड्याचा आहे की मसाला, भाकरी, भात धरून पूर्ण जेवणाचा, हे विचारून घ्या. एक कोंबडा चौघांना पुरतो, सहा जणांत घेतला तर रस्साच वाट्याला येतो. शिजायला वेळ लागतो. तासाभरात हवं म्हणालात तर चिवट मिळेल आणि दोष कोंबड्याला द्याल. रोख पैसे, तेही दहा-वीस-पन्नासच्या नोटा, जवळ असू द्या. बाजारात क्यूआर कोड दिसतील, पण डोंगराआड रेंज गेली की तुम्ही आणि मावशी दोघंही मोबाईल वर धरून उभे राहाल.

घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला कारण आहे. रानभाज्यांचे आणि कंदांचे हे महिने शहरी माणसाला चवीचे वाटतात, पण इथल्या घरांत ते कणगीतलं धान्य संपल्याचे महिने होते. पावसाळ्यात सावकाराकडून खावटी आणायची, पीक आल्यावर ती वाढवून फेडायची, आणि फिटली नाही की वेठ. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, त्याच्या मुळाशी ही भूक होती. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती सगळी हकिगत आहे. इकडे येण्याआधी वाचलंत तर ताटातला कंद वेगळा दिसेल. वाट्यामागे पाच रुपये कमी करून घेण्यात शहाणपण कसलं?

घराच्या पडवीत बसून जेवायची वेळ आली तर चपला बाहेर, हात धुऊन, आणि फोटो विचारून. भिंतीवर लग्नाचा चौक काढलेला असेल तर तोही विचारूनच टिपा. जेवण झाल्यावर पैसे घरातल्या ज्या बाईने शिजवलं तिच्या हातात द्या. पुढे बसून बोलणारा पुरुष ते घेतो आणि मग ते चुलीपर्यंत पोचत नाहीत, असं बऱ्याचदा होतं.

उतरणीला

परतताना किनाऱ्याकडे उतरणार असाल तर थोडं सांगतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ‘आजची ताजी मासळी’ म्हणणारा फलक वाचून पुढे जा. खाडीतलं काही मिळालं तर मिळालं, बाकी बर्फातलं. ऑगस्टनंतर, होड्या लागल्या की बंदरालगत, खलाशी जिथे जेवतात त्या खानावळीत बसा. ओला बोंबील आणि मांदेली ही खरी स्वस्त मासळी. पापलेट मागितलं की बिल शहराचं होतं. डहाणू-बोर्डीच्या इराणी-पारशी घरगुती निवासांतलं धनसाक आणि केळीच्या पानातली मासळी उत्तम असते, पण ते स्वस्त जेवण नाही आणि तसं समजून जाऊही नका. एखाद्या वाढदिवसाला ठेवा.

चिकू घोलवडला घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून महामार्गावर कुठलाही चिकू ‘घोलवडचा’ झाला आहे. वाडीच्या दारात किंवा गावातल्या दुकानात कडक-पिकते मिसळून मागा. आजचे दोन, बाकी चार दिवसांत पिकतील असे. चिकूचे चिप्स टिकतात, प्रवासाला बरे.

आणि सुके बोंबील घेतले असतील तर बाजारातच दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर कापडी पिशवी असे बांधून घ्या. मावशींना ‘लोकलने जायचंय’ एवढं सांगा. पुढचं बांधकाम त्या करतात. डहाणूहून निघालेल्या गाडीत ते निभावून जातं, पण विरारनंतर चढणाऱ्यांचं सांगता येत नाही. चढताना पिशवी वरच्या फळीवर ठेवा आणि कुणी विचारलं तर खिडकीबाहेर बघा.